प्रकाश पोहोचेल तिथवर

जर्मनीत 2003 साली पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या 39 रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. सगळेच शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेले. त्यातल्या सुमारे निम्म्यांच्या पित्तनलिकेत, पित्त वाहते राहावे म्हणून, नुसती नळी बसवली. उरलेल्यांना नळीबरोबरच शिरेतून एक औषध दिले आणि ते अंगात भिनल्यावर दुर्बिणीच्या वाटेने गाठीवर लाल लेसरचा प्रकाश टाकला. पहिल्या गटातले निम्मे रुग्ण 98 दिवसांच्या आत दगावले. दुसऱ्या गटात निम्मे रुग्ण जाईपर्यंत 493 दिवस उलटले. फरक एवढा मोठा दिसला की चाचणी मध्येच थांबवून तो जाहीर करण्यात आला. पुढे 15 वर्षांनी ब्रिटनमध्ये 92 रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल आला. तेच औषध, तसाच प्रकाश, तशीच नळी, आणि निकाल मात्र उलटा: नुसत्या नळीच्या गटात हाच आकडा 9.8 महिने भरला, प्रकाशोपचाराच्या गटात 6.2 महिने. कुणी लबाडी केली असे मुळीच नाही. जर्मनीतल्या चाचणीत नळी टाकूनही ज्यांची कावीळ पुरेशी उतरली नव्हती असे रुग्ण घेतले होते. तिथे प्रकाशाने तुंबलेली वाट मोकळी केली असेल तर आयुष्य वाढणारच. ब्रिटनमध्ये आजार पसरलेले रुग्णही होते आणि तोवर केमोथेरपी सुधारली होती. ती प्रकाशोपचाराच्या गटाला तुलनेने कमी मिळाली. या दोन निकालांत प्रकाशाने जागे होणाऱ्या औषधांची सगळी कहाणी सामावली आहे असे मला वाटते. ही औषधे काम करतात का, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. शरीराच्या कोणत्या जागी, किती प्रकाश पोहोचवून आणि दुसऱ्या कोणत्या उपचाराच्या तुलनेत, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय या औषधांबद्दलचे कोणतेही विधान निरर्थक ठरते. वर्तमानपत्रांत दर काही महिन्यांनी झळकणाऱ्या, ‘प्रकाशाने कर्करोग नष्ट’ अशा बातम्यांत हे तीनही प्रश्न सहसा गाळलेले असतात.

या उपचाराचे शास्त्र सव्वाशे वर्षे जुने आहे. म्युनिकमध्ये हेर्मान फोन टापाइनर यांच्या प्रयोगशाळेत ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी पॅरामिशियम या एकपेशीय जीवांवर ॲक्रिडीन रंगाचा परिणाम तपासत होता. रंग तेवढाच, पण जीव मरायला लागणारा वेळ दर वेळी वेगळा येई. प्रयोगाच्या वेळी खोलीत उजेड किती होता यावर ते अवलंबून असल्याचे त्याच्या ध्यानात आले आणि 1900 साली त्याने ते प्रसिद्ध केले. 1903 मध्ये टापाइनर आणि येझिओनेक यांनी त्वचेच्या गाठींवर इओसिन लावून त्यावर प्रकाश टाकला. या क्रियेला ऑक्सिजनही लागतो, हे पुढच्याच वर्षी म्युनिकमध्येच दिसले. म्हणजे औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन हे तिघे एकाच जागी, एकाच क्षणी हजर असतील तरच पेशी मरते. औषधाचा रेणू प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून सिंगलेट ऑक्सिजन तयार होतो. तो अतिशय दाहक असतो. पण त्याचे आयुष्य सेकंदाच्या फार तर काही दशलक्षांश भागाएवढेच असते, आणि तेवढ्यात तो पेशीच्या रुंदीच्या शतांशाहून फार पुढे जात नाही. जिथे जन्मतो तिथेच जाळतो. केमोथेरपीचे औषध रक्तातून सगळ्या शरीरभर फिरते आणि केसांच्या मुळांपासून आतड्यापर्यंत सगळीकडे घाव घालते. इथे घाव कुठे पडावा हे डॉक्टर प्रकाशाची दिशा धरून ठरवतो. या उपचाराचे सगळे आकर्षण या एका गुणात आहे, आणि त्याची सगळी अडचणही याच गुणातून आली.

अडचण अशी की मानवी ऊती अपारदर्शक आहे. रक्तातले हिमोग्लोबिन आणि त्वचेतले मेलॅनिन प्रकाश शोषतात, बाकीचा प्रकाश पेशींवर आपटून विखुरतो. निळा प्रकाश जेमतेम एक मिलिमीटर आत जातो, लाल काही मिलिमीटर, आणि लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फार तर सेंटिमीटरभर. म्हणून सगळे संशोधक 600 ते 850 नॅनोमीटरच्या पट्ट्यातच शोषण करणारा रेणू शोधत राहिले. त्यात भर म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या गाठीच्या गाभ्यात ऑक्सिजन मुळातच कमी असतो, आणि प्रखर प्रकाश एकदम टाकला तर असलेला ऑक्सिजनही क्षणात संपून क्रिया थांबते. प्रकाश मंद ठेवून किंवा थांबून थांबून दिला तर परिणाम जास्त होतो, तो यामुळेच. आणि औषध गाठीतच राहावे ही अपेक्षाही अर्धीच पुरी होते. 1912 साली फ्रीड्रिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरांनी 200 मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन हे प्रकाशसंवेदी द्रव्य स्वतःला टोचून घेतले. उन्हात जाताच त्यांचा चेहरा आणि हात भयंकर सुजले, आणि उन्हाची ही बाधा दोन महिने टिकली. औषधाचा हा दुष्परिणाम एका माणसाने स्वतःच्या अंगावर घेऊन लिहून ठेवला. आजही त्याच जातीचे पोरफायमर हे औषध दिलेल्या रुग्णाला किमान 30 दिवस ऊन टाळायला सांगितले जाते, त्याचे मूळ याच गुणात आहे.

आधुनिक काळातला या उपचाराचा पाया थॉमस डॉहर्टी यांनी अमेरिकेतल्या बफेलो शहरी रॉसवेल पार्क कर्करोग संस्थेत घातला. 1978 साली त्यांनी 25 रुग्णांच्या त्वचेवरच्या आणि त्वचेखालच्या 113 गाठींवरचा अनुभव मांडला: 111 गाठी पूर्ण किंवा अंशतः विरघळल्या. तो आकडा वाचून जगभर उत्साह पसरला नसता तरच नवल. पण त्या गाठी डोळ्यांना दिसणाऱ्या, प्रकाशाच्या टप्प्यातल्या होत्या, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. 1993 मध्ये कॅनडाने पोरफायमरला मूत्राशयाच्या कर्करोगासाठी परवानगी दिली. 1995 मध्ये अमेरिकेने अन्ननलिकेच्या आणि 1998 मध्ये फुप्फुसाच्या काही कर्करोगांसाठी दिली. दरम्यान कॅनडातच किंग्स्टनमध्ये केनेडी आणि पॉटियर यांनी 1990 साली एक साधी आणि सुंदर कल्पना मांडली होती: बाहेरून रंग देण्याऐवजी अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल द्यावे. पेशी त्यापासून स्वतःच प्रकाशसंवेदी पॉर्फिरिन बनवतात, आणि कर्करोगाच्या पेशींत ते अधिक साठते. शिवाय ते एक-दोन दिवसांत शरीराबाहेर पडते, म्हणून महिनाभर अंधारात बसावे लागत नाही. पुढे या लेखात जिथे आशा दिसते तिथे बहुतेक हेच आम्ल आहे; सोयीसाठी त्याला एएलए म्हणू.

आता पराभवांकडे येऊ, कारण या उपचाराबद्दल खरी शिकवण तिथे आहे. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सततच्या आम्लपित्ताने अस्तर बदलते, त्याला बॅरेट म्हणतात. त्यात कर्करोगाच्या उंबरठ्यावरचे बदल झाले तर पूर्वी सगळी अन्ननलिका काढून टाकत. 208 रुग्णांच्या चाचणीत प्रकाशोपचाराने कर्करोगाचे प्रमाण 28 टक्क्यांवरून 13 टक्क्यांवर आणले. पण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रुग्णांची अन्ननलिका व्रणाने आक्रसली. 2009 मध्ये रेडिओलहरींच्या उष्णतेने अस्तर जाळण्याची पद्धत सिद्ध झाली, तिच्यात हा त्रास फारच कमी होता, आणि प्रकाशोपचार बॅरेटमधून जवळजवळ हद्दपार झाला. डोळ्याची गोष्ट तर याहून ठळक आहे. म्हातारपणी मॅक्युलाखाली, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाखाली, नव्या रक्तवाहिन्या फुटून मधली दृष्टी जाते, त्या आजारावर 2000 साली व्हर्टेपॉर्फिन आले. शिरेतून औषध, मग 689 नॅनोमीटरचा लेसर 83 सेकंद. त्यापूर्वी फारसा उपाय नव्हता, म्हणून ते वरदान ठरले. 2006 मध्ये रॅनिबिझुमॅब हे डोळ्यात टोचायचे औषध थेट व्हर्टेपॉर्फिनशी तोलले गेले. नजर लक्षणीय सुधारलेले रुग्ण नव्या औषधाच्या गटांत 36 ते 40 टक्के होते, प्रकाशोपचाराच्या गटात 6 टक्क्यांहून कमी. त्या निकालाने या आजारातल्या प्रकाशोपचाराचा अस्त झाला. त्वचेच्या वरवरच्या बेसल पेशींच्या कर्करोगातही नेदरलँड्समधल्या 601 रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनी प्रकाशोपचाराचे 62.7 टक्के रुग्ण रोगमुक्त होते, तर घरी लावायच्या इमिक्विमॉड मलमाचे 80.5 टक्के. या तिन्ही ठिकाणी प्रकाशोपचार कुचकामी नव्हता. त्याहून सोपे किंवा जास्त गुणकारी काही आले आणि त्याची जागा गेली.

प्रकाशाने जागे होणाऱ्या औषधांत आपल्या ओळखीचे सर्वांत जुने औषध म्हणजे बावची. कोडाच्या डागांवर बावचीचे बी लावून उन्हात बसवण्याची रीत भारतात फार प्राचीन आहे. तिच्यातले सोरॅलेन त्वचेच्या पेशीत जाऊन अतिनील प्रकाशात थेट डीएनएला चिकटते; त्याला ऑक्सिजनची गरज नसते. 1940च्या दशकात इजिप्तमधल्या एल मोफ्ती यांनी तिकडच्या रानटी झुडपातून मिळणारे मेथॉक्सॅलेन कोडावर वापरले, आणि 1974 मध्ये अमेरिकेत पॅरिश आणि फिट्झपॅट्रिक यांनी तेच सोरायसिससाठी नियमबद्ध केले. निकाल उत्कृष्ट होते. पुढे 1,380 रुग्णांचा दशकानुदशके पाठपुरावा झाला तेव्हा दिसले की ज्यांनी शेकडो बैठका घेतल्या त्यांच्यात त्वचेच्या स्क्वेमस कर्करोगाचे प्रमाण वाढले होते. दरम्यान 311 नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्याचा प्रकाश आला, ज्याला सोरॅलेनची गोळीच लागत नाही, आणि आता बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ आधी तोच देतात. हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण ‘प्रकाश नैसर्गिक आहे, तो अपाय करणार नाही’ असे मानणारे आपल्याकडे बरेच आहेत. बावचीचा लेप लावून भर उन्हात बसल्याने अंगावर मोठमोठे फोड येतात, आणि सोरॅलेन डीएनएला धरते म्हणजे ते चूकही कोरून ठेवू शकते. याच्या उलट, पॉर्फिरिनच्या जातीची औषधे मुख्यतः पेशीचा पडदा आणि मायटोकॉन्ड्रिया जाळतात. म्हणून त्या उपचारानंतर नवा कर्करोग उद्भवण्याची भीती कमी मानली जाते. दोन्ही औषधे प्रकाशानेच चालतात, पण एकाच्या पुराव्यावर दुसऱ्याबद्दल निष्कर्ष काढणे चूक आहे.

मग हा उपचार टिकला कुठे? जिथे प्रतिस्पर्धी नाही किंवा त्याला प्रकाशाचीच जोड लागते तिथे. दृष्टिपटलामागे पाणी साचण्याचा एक आजार तरुण, ताणाखालच्या पुरुषांत दिसतो. त्यात टोचायची औषधे फारशी चालत नाहीत. व्हर्टेपॉर्फिनच्या अर्ध्या मात्रेने 67 टक्के रुग्णांचे पाणी ओसरले, दुसऱ्या लेसरने 29 टक्के. मॅक्युलाच्या आजाराचा पॉलिपसारख्या फुगवट्यांचा प्रकार आशियाई लोकांत जास्त आढळतो. त्यात नुसत्या रॅनिबिझुमॅबने 35 टक्के रुग्णांचे फुगवटे बंद झाले, प्रकाशोपचार जोडल्यावर 69 टक्के. म्हणजे पाश्चात्त्य देशांत निवृत्त झालेले औषध आपल्या भागातल्या डोळ्यांना अजून हवे आहे. आणि 2021पासून व्हर्टेपॉर्फिनचा जगभर तुटवडा पडला. उपचाराला पुरावा असूनही औषधच मिळेनासे व्हावे, ही स्थिती मला फार अस्वस्थ करणारी वाटते. मेंदूत तर प्रकाशाने मारायचेही नाही, नुसते दाखवायचे आहे: जर्मनीतल्या 322 रुग्णांच्या चाचणीत ग्लायोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी एएलए पाजले, निळ्या प्रकाशात गाठ लालसर चमकली, आणि सर्व दिसणारी गाठ काढता येण्याचे प्रमाण 36 वरून 65 टक्क्यांवर गेले. एकूण आयुष्य त्या प्रमाणात वाढले नाही, हेही त्याच चाचणीने सांगितले.

प्रोस्टेटच्या बाबतीत तिसरा प्रश्न, कशाच्या तुलनेत, फार तीव्रपणे समोर आला. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेत जिवाणूंच्या क्लोरोफिलपासून पॅडेलिपॉर्फिन बनले. ते 753 नॅनोमीटरला जागे होते आणि गाठीच्या रक्तवाहिन्या बंद पाडते. युरोपातल्या 413 पुरुषांच्या चाचणीत नुसते लक्ष ठेवलेल्या गटात दोन वर्षांत 58 टक्क्यांचा आजार वाढला, उपचार घेतलेल्या गटात 28 टक्क्यांचा. युरोपने 2017 मध्ये परवानगी दिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी मात्र 2020 मध्ये मोठ्या बहुमताने नकार सुचवला. त्यांचे म्हणणे असे की हे सारे कमी धोक्याचे रुग्ण होते, ज्यांच्यातले बहुतेक या कर्करोगाने मरणारच नव्हते. त्यांना उपचार देऊन आपण नेमके काय वाचवले, हे दोन वर्षांच्या आकड्यांतून कळत नाही. मला तो आक्षेप योग्य वाटतो. गाठ नाहीशी होणे आणि माणसाला फायदा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रकाशोपचाराच्या साहित्यात पहिलीचे आकडे भरपूर, दुसरीचे विरळ आहेत.

खोलीची अडचण सोडवण्यासाठी आज बरेच प्रयत्न चालू आहेत. सर्वांत पुढे गेलेला प्रयत्न अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या हिसाताका कोबायाशी यांचा. कर्करोगाच्या पेशीवरचे विशिष्ट प्रथिन ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला त्यांनी प्रकाशसंवेदी रंग जोडला. प्रतिपिंड पेशीला चिकटते, 690 नॅनोमीटरचा प्रकाश पडला की रंगाचा रेणू आकार बदलतो आणि पेशीचा पडदा फाटतो. शेजारची निरोगी पेशी वाचते. खोल गाठीत सुयांतून प्रकाशतंतू घुसवून प्रकाश आतच नेतात. जपानने सप्टेंबर 2020 मध्ये परत उद्भवलेल्या डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी त्याला अटींसह परवानगी दिली. सुरुवातीच्या 30 रुग्णांत 13 जणांची गाठ आक्रसली, त्यातल्या 4 जणांची पूर्ण गेली. सगळे उपाय थकलेल्या रुग्णांत हे कमी नाही. पण तुलनेचा गट त्यात नव्हता, आणि आपण आधी पाहिलेल्या दोन निकालांनंतर तुलनेशिवाय भारावून जाणे परवडणारे नाही. क्ष-किरणांनी जागे होणारे नॅनोकण, दोन प्रकाशकण एकदम शोषणारे रेणू, प्रकाशाने आकार बदलून चालू-बंद होणारी औषधे, यांवर प्रयोगशाळांतून दरवर्षी पुष्कळ शोधनिबंध येतात. त्यातल्या फार थोड्यांनी माणसाच्या शरीरापर्यंत मजल मारली आहे. प्रकाशोपचाराने मेलेल्या पेशींमुळे शरीराची प्रतिकारशक्ती जागी होऊन दूरच्या गाठीही विरघळतात, असा दावाही ऐकू येतो. उंदरांत तसे दिसते. माणसांत तुरळक रुग्णांत. एवढ्यावर कुणाचा उपचार ठरवता येणार नाही.

माझ्या मते या सगळ्या पुराव्याचा कल एका जागेकडे जातो, आणि ती जागा आपल्या देशात दुर्दैवाने फार मोठी आहे: तोंड. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. देशात दरवर्षी सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण होतात. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी तंबाखू, मशेरी आणि विदर्भातला खर्रा गालात दाबून ठेवण्याची सवय गेलेली नाही. गालाच्या आतला भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, आणि लाल प्रकाशाच्या टप्प्यात येतो. अलीगढच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने बॉस्टनमधल्या संशोधकांबरोबर केलेला प्रयोग 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, तो म्हणूनच लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. महागड्या लेसरऐवजी त्यांनी स्वस्त, उचलून नेता येणारा एलईडी दिवा वापरला; तोंडात प्रकाश नेमका बसावा म्हणून त्रिमितीय छपाईने जोडण्या बनवल्या; आणि गाठीतल्या पॉर्फिरिनची चमक मोजायला स्मार्टफोन लावला. रुग्ण महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून आणि गावोगावच्या तपासणी शिबिरांतून आले. एएलए तोंडाने पाजले, 635 नॅनोमीटरचा प्रकाश दिला, गुंगीचे औषधही लागले नाही. 30 पैकी 22 रुग्णांत आजार उरला नाही. 34 पैकी 26 गाठी पूर्ण गेल्या. मृत पेशींची खोली काही ठिकाणी 7.2 मिलिमीटरपर्यंत भरली. जिथे अपयश आले तिथे गाठ मोठी होती किंवा प्रकाश पुरेसा पोहोचला नव्हता, आणि हे फोनवरच्या मोजणीतून आधीच कळत होते: औषधाची चमक नीट विझली नव्हती. माझ्या दृष्टीने या प्रयोगातली मोलाची गोष्ट 76 टक्क्यांचा आकडा नाही, ही मोजणी आहे. मात्रा गोळीत मोजता येते तशी प्रकाशाची मात्रा या उपचारात क्वचितच कुणी मोजत आले. जी मोजली ती दिव्यातून बाहेर पडलेली, ऊतीत शोषलेली नव्हे.

यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप मुंबईतूनच येतो. टाटा स्मारक रुग्णालयात अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली झालेली आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी जगभर वाचली गेली. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात, मानेत गाठ हाताला लागत नसतानाही मानेतल्या लसिका ग्रंथी आधीच काढल्या तर तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते. वाट पाहून नंतर काढलेल्या गटात 67.5 टक्के. म्हणजे तोंडातली लहान गाठही मानेत लपून पसरलेली असते, आणि गालावर कितीही नेमका प्रकाश टाकला तरी मानेतल्या त्या पेशींना तो दिसत नाही. अलीगढच्या रुग्णांच्या पाठपुराव्याचा मध्यक 50 आठवड्यांचा होता. मानेचा हिशेब मांडायला तो अपुरा आहे. म्हणून कापून निघण्यासारखी गाठ असताना कुणी प्रकाशोपचारासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलत असेल, तर त्याला आज तरी पुराव्याचा आधार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण त्याच चाचणीच्या आत उत्तराची एक फटही आहे. ज्यांची गाठ 3 मिलिमीटर किंवा त्याहून कमी खोल रुजली होती त्यांच्यात मान आधी साफ करण्याचा फायदा दिसला नाही. तो गट लहान होता, त्यामुळे फार ताणून अर्थ काढू नये. तरी प्रकाशाची मर्यादा आणि आजाराची मर्यादा इथे एकाच जागी येतात. गालात वरवर पसरलेला पातळ कर्करोग आणि त्याच्या आधीचे पांढरे-लाल चट्टे, हे या उपचाराचे खरे क्षेत्र असू शकते. अशा चट्ट्यांचे रुग्ण वर्षानुवर्षे पुन:पुन्हा कापून घेतात, प्रत्येक वेळी गाल आक्रसतो, आधीच सुपारीने ताठरलेले तोंड आणखी कमी उघडते. प्रकाशोपचारात अस्तराखालचा कोलॅजनचा सांगाडा बराचसा टिकतो, व्रण कमी राहतो, आणि किरणोपचारासारखी आयुष्यभरात देता येणारी मात्रा संपत नाही. उपचार परत देता येतो.

इथेही एक प्रतिप्रश्न उभा राहतो: चट्टा गेला म्हणजे पुढचा कर्करोग टळला का? आजवर तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवरच्या कोणत्याही उपचाराने कर्करोग टळतो असे पक्के सिद्ध झालेले नाही, शस्त्रक्रियेनेही नाही. त्यामुळे नुसता चट्टा विरघळल्याचे फोटो दाखवून समाधान मानणे म्हणजे 1978च्या 111 गाठींची चूक पुन्हा करणे. भारतात हवी आहे ती मोठी, तुलनेची चाचणी. ज्या राज्यांत असे रुग्ण सर्वांत जास्त आहेत, त्यात महाराष्ट्र आलाच, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि तपासणी शिबिरांत एका गटाला नेहमीची शस्त्रक्रिया, दुसऱ्याला एएलए आणि मोजलेला प्रकाश. गाठीची खोली आधी अल्ट्रासाउंडने मोजायची, 3 मिलिमीटरच्या वरच्यांना या चाचणीत घ्यायचेच नाही. मानेचे अल्ट्रासाउंड ठरावीक काळाने, निदान पाच वर्षे. तोंड किती उघडते, चावता-गिळता येते का, कामावर परत जायला किती दिवस लागले, याची नोंद जगण्याच्या आकड्यांइतकीच काटेकोर. चमक विझेपर्यंत प्रकाश द्यायचा, घड्याळ लावून नव्हे. आणि एएलए देशात बनून सरकारी रुग्णालयांना परवडणाऱ्या दराने मिळेल याची तजवीज चाचणी सुरू होण्याआधीच करायची, म्हणजे व्हर्टेपॉर्फिनसारखी पुरावा आहे पण औषध नाही अशी वेळ येणार नाही. टाटांच्या चाचणीत रुग्ण गोळा करायला 2004 ते 2014 अशी दहा वर्षे लागली. तेवढा काळ आणि तेवढी चिकाटी या चाचणीलाही द्यावी लागेल, आणि सुरुवात शिबिरात तोंड उघडून पाहणाऱ्या दंतवैद्याला त्या प्रकाशात काय शोधायचे हे शिकवण्यापासून करावी लागेल.